उघडिपीतला सूर्यास्त आणि कॅमेरा

सूर्यास्ताचा फोटो काढायचा म्हणजे आभाळ निरभ्र हवे, अशी पुष्कळांची समजूत असते. सहलीला निघालेली मंडळी दुपारी ढग दिसले की हळहळतात आणि ‘आज काही सूर्यास्त दिसायचा नाही’ म्हणून चहाच्या टपरीवर बसून राहतात. खरे पाहता गोष्ट जवळजवळ उलटी आहे. निरभ्र आकाशातला सूर्यास्त डोळ्यांना शांत वाटतो, पण फोटोत तो बहुधा एक पिवळा ठिपका, वर फिकट आकाश आणि खाली काळी जमीन एवढाच उतरतो. रंग दिसायचा तर तो कशावर तरी पडायला हवा. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत पडदाच नसेल, तर यंत्रातून निघालेला प्रकाश दिसणार कोठे? आकाशात हा पडदा ढगांचा असतो. म्हणून हौशी माणसाने वाट पाहावी ती बेभरवशाच्या हवेची. सकाळी पाऊस, दुपारी ऊन, चारला पुन्हा मळभ, असा दिवस आला की कॅमेरा किंवा मोबाइल तयार ठेवावा.

आता रंगांचे पाहू. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात हे शाळेतल्या लोलकाने आपल्याला दाखवलेच आहे. हवेचे सूक्ष्म रेणू निळा-जांभळा प्रकाश फार विखुरतात, तांबडा कमी. पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली याचे गणित मांडले. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना हवेचा थोडाच थर ओलांडावा लागतो. तोच सूर्य क्षितिजाला टेकला की किरणांची वाट हवेतून तिरपी होते आणि थर सुमारे अडतीसपट जाड होतो. एवढ्या वाटेत निळा रंग गळून जातो. उरतो तो पिवळा, नारिंगी आणि तांबडा. हा उरलेला प्रकाश ढगांच्या पोटाला खालून लागतो, आणि आपण म्हणतो, ‘आभाळ पेटलं!’

धुळीमुळे सूर्यास्त रंगतो असे नेहमी सांगितले जाते. त्याला माझा थोडा आक्षेप आहे. जमिनीलगतची धूळ आणि धूर रंग गढूळ करतात. एप्रिल-मेमध्ये कोरड्या वाऱ्याच्या दिवशी पाहा. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसतो, पण भोवतालचे आकाश राखी असते, आणि पुष्कळदा तो क्षितिजाच्या वरच विरून जातो. याउलट दुपारी एक जोरदार सर येऊन हवा धुतली गेली की संध्याकाळचे रंग स्वच्छ निघतात. फार उंचावर गेलेल्या सूक्ष्म कणांची गोष्ट निराळी. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून उंच आकाशात गेलेल्या कणांनी पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण सूर्यास्त घडवले. त्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पौकीप्सी या गावी पश्चिमेकडची लाली पाहून कोठे तरी मोठी आग लागली असे लोकांना वाटले आणि आगीचे बंब बाहेर पडले! लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्स नदीकाठी बसून त्या संध्याकाळची रंगीत खडूंची चित्रे थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने काढीत राहिला. अशी त्याने पाचशेंवर चित्रे काढली, आणि त्यांतली काही रॉयल सोसायटीच्या १८८८ सालच्या अहवालात छापली गेली. हे काम त्याला हाताने करावे लागले, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला हे रंग टिपता येत नव्हते. आज तेच काम आपल्या खिशातला फोन करू शकतो. एवढी सोय हाताशी असून आपण तिच्याने काय करतो, हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

ढग दिसले म्हणजे झाले असेही नाही. कोणते ढग आणि किती उंच, हे महत्त्वाचे. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पिंजलेल्या कापसासारखे किंवा पिसांसारखे असतात ते सिरस. त्यांच्या खाली, दोन ते सात किलोमीटरच्या पट्ट्यात, माशाच्या खवल्यांसारखे किंवा नांगरलेल्या शेतासारखे ओळीने दिसणारे मधले ढग. आणि अगदी खाली ते आषाढातले करडे, पोटाशी सपाट ढग, जे घाटमाथ्यावर तर घरातच शिरतात. सूर्य बुडाला की खालच्या ढगांवरचा उजेड दोन-चार मिनिटांत जातो. मधल्यांवर तो थोडा अधिक टिकतो. दहा किलोमीटरवरच्या पिसांवर मात्र सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटेही ऊन पडत असते. आपल्यासाठी दिवस संपलेला असतो, त्यांच्यासाठी नसतो. म्हणूनच मळभ खाली दाटलेले असेल तर आशा कमी. उंच आणि मधले ढग तुटक-तुटक पसरलेले असतील तर आशा पुष्कळ.

यापेक्षाही मोठी एक अट आहे. पश्चिमेला क्षितिजाशी फट हवी. डोक्यावर कितीही सुंदर ढग असोत, पश्चिमेचे दार बंद असेल तर प्रकाश आत येणार कोठून? दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे नीट पाहावे. क्षितिजालगत उजळ, पिवळसर पट्टा दिसत असेल आणि वरचे ढग मागे सरत असतील, तर घरात बसू नये. पावसाळ्याच्या भरात आपल्याकडचा खालचा वारा पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून येतो. तेव्हा पश्चिमेला उघडीप दिसली तर ती आपल्याकडे सरकत येण्याचा संभव असतो. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांनी टिपलेली ढगांची ताजी चित्रे असतात. ती पाहायला दोन मिनिटे पुरतात. मात्र त्या चित्रावर सगळा भार टाकू नये. आपल्या डोंगराआडची लहानशी फट आपल्यालाच दिसते.

शिक्षकमित्रांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी आभाळ तांबडे झाले तर उद्याचा दिवस चांगला, अशा अर्थाची इंग्रजी म्हण आपल्या वाचनात येते. ती त्या देशात बरीचशी खरी आहे, कारण तेथील हवा सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. पश्चिमेला तांबडे दिसले म्हणजे त्या बाजूला आकाश मोकळे आहे, आणि तेच मोकळे आकाश उद्या येणार. आपल्याकडे पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे चालत येतात. विदर्भात आज संध्याकाळी पश्चिम लाल झाली, तरी उद्याचा पाऊस पाठीमागून, पूर्वेकडून येत असू शकतो. म्हणून ती म्हण मुलांना सांगायचीच असेल तर ती कोणत्या देशातली आहे हेही सांगावे.

आपल्या वर्षात अशा संध्याकाळी कधी येतात? वैशाख-ज्येष्ठातल्या वळिवाच्या दिवसांत, श्रावण-भाद्रपदातल्या ऊनपावसात आणि हस्ताच्या, म्हणजे परतीच्या पावसात. आषाढाच्या झडीत पश्चिम घाटात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नसते. तेथे हट्ट धरून उपयोग नाही. माझ्या मते सगळ्यांत श्रीमंत काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. हवा धुतलेली असते, दुपारनंतर उंच ढग चढतात, ज्वारीची पेरणी चाललेली असते, तळी भरलेली असतात आणि डोंगर अजून हिरवे असतात. कोकणात त्याच सुमारास भात पिवळे पडू लागते. हिवाळ्यात आकाश कोरडे आणि स्वच्छ, पण पडदा नाही.

जागा निवडताना सूर्य कोठे बुडणार हे आधी ठरवावे. सूर्य पश्चिमेला मावळतो हे वाक्य पाठ असले तरी तो नेमका पश्चिमेला मावळतो वर्षातून दोनच दिवस, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर जूनअखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला मावळतो. म्हणजे वर्षभरात त्याची जागा जवळजवळ ५० अंश सरकते. हात ताठ पुढे करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे पाच मुठींचे अंतर झाले! देवळाच्या शिखरामागे सूर्य बुडताना हवा असेल, तर तो तेथे कोणत्या महिन्यात येईल याचा हिशेब आधीच करता येतो. हीच मूठ वेळही सांगते. सूर्य आणि क्षितिज यांमध्ये एक मूठ मावत असेल, तर सूर्यास्ताला सुमारे चाळीस मिनिटे आहेत असे धरावे. घड्याळ आणि पंचांग आहेच, पण समोर डोंगर उभा असेल तर पंचांगातली वेळ उपयोगी पडत नाही. मूठ डोंगराच्या माथ्यावर टेकवावी.

मुळात सूर्य बुडायला लागतो किती वेळ? त्याची थाळी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते. टेकल्यापासून दिसेनासा होईपर्यंत आपल्याकडे दोन-सव्वादोन मिनिटे लागतात, आणि त्यानंतर कामाचा संधिप्रकाश उरतो तो वीस-पंचवीस मिनिटे. लंडनमध्ये तोच जूनमध्ये पाऊण तासावर चालतो, कारण तेथे सूर्य तिरपा उतरतो आणि आपल्याकडे बराचसा सरळ. परदेशी पुस्तके वाचून ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे समजणारा येथे फसतो. आपली संध्याकाळ आखूड आहे. तिपाई उभी करणे, जागा ठरवणे, भिंग पुसणे ही कामे सूर्य दोन मुठी वर असतानाच उरकावीत.

आता कॅमेऱ्याकडे वळू. येथे मुख्य अडचण एकच, पण ती समजली नाही तर हाती काही लागत नाही. आपला डोळा मोठा लबाड आहे. उजळ आभाळाकडे पाहताना बाहुली लहान होते, काळोख्या शेताकडे पाहताना मोठी. मेंदू या दोन्ही नजरा एकत्र शिवून एक चित्र करतो. कॅमेऱ्याला एका क्षणी एकच माप धरता येते. संध्याकाळी आकाश जमिनीच्या तीस-चाळीसपट उजळ सहज असते. जमीन नीट दिसावी एवढा प्रकाश आत घेतला तर आकाश पांढरे फटक पडते. आकाश राखले तर जमीन काजळासारखी होते.

ही अडचण नवी नाही. फोटोच्या सुरुवातीच्या काळात काचा फक्त निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत. त्यामुळे आकाश नेहमी कोरे, पांढरे येई, आणि सूर्यास्ताचा तांबडा रंग काळा! यावर गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास एक युक्ती काढली. आकाशासाठी एक काच आणि समुद्रासाठी दुसरी, असे दोन फोटो घेऊन त्याने ते एका कागदावर जोडून छापले. त्याच्या समुद्राच्या चित्रांनी तेव्हा मोठी खळबळ उडवली. आज फोनमध्ये एच. डी. आर. नावाची जी सोय असते, ती हेच करते. कमी-अधिक उजेडाचे अनेक फोटो क्षणात घेऊन त्यांचा मेळ घालते. युक्ती तीच, वेग मात्र निराळा.

फोन वापरणाऱ्याने काय करावे? फोन आपणहून सगळ्या चित्राची सरासरी काढतो आणि संध्याकाळला दुपारसारखी उजळ करून टाकतो. त्याला तसे करू देऊ नये. पडद्यावर जेथे ढग सर्वांत उजळ आहे, पण सूर्य नाही, तेथे बोटाने स्पर्श करावा. एक चौकट येते आणि शेजारी सूर्याची लहान खूण दिसते. ती खूण बोटाने खाली ओढली की चित्र गडद होत जाते. ढगांतले रंग भरल्यासारखे दिसले की थांबावे. बोट थोडा वेळ दाबून धरले तर पुष्कळ फोनांत ते माप तेथेच कुलूपबंद होते, मग फोन हलवून चौकट बदलता येते. मोठा कॅमेरा असेल तर सूर्यापासून एक मूठ बाजूच्या आकाशावर माप घ्यावे, ते धरून ठेवावे, आणि त्याच्या एक पायरी वर व एक पायरी खाली असे आणखी दोन फोटो काढावेत. आता फिल्मचा खर्च नाही, तेव्हा कंजुषी कशाला?

दुसरी खोड रंगांची. कॅमेऱ्याला पांढरा कागद कोणत्याही उजेडात पांढरा दाखवायचा असतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हे बरे असते, पण सूर्यास्ताचा तांबूसपणाही त्याला दोष वाटतो आणि तो निळे मिसळून रंग ‘दुरुस्त’ करतो! यावर उपाय सोपा आहे. व्हाइट बॅलन्स नावाची जी मांडणी असते तिच्यात सूर्याचे चित्र निवडावे. फोनमध्ये ती बहुधा ‘प्रो’ या भागात सापडते. त्यापुढे घरी बसून रंग वाढवण्याचा मोह टाळता आला तर बरे. हल्ली एका बटणाने आकाशच बदलून दुसरे लावता येते. लग्नाच्या अल्बमात ते चालेल. पण आपल्या गावचे आभाळ म्हणून परगावचे आभाळ दाखवणे मला तरी पटत नाही.

भिंगाचे एक सांगायचे राहिले. फोन खिशात फिरतो, त्याच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा साचतो, आणि सूर्यासमोर धरला की चित्रावर लांब पांढरे पट्टे उठतात. धोतराच्या जुन्या मऊ फडक्याने ते आधी पुसावे. पावसाचे थेंब असतील तर ते टिपून घ्यावेत, घासू नयेत. डोक्यावर हात किंवा वही आडवी धरून भिंगावर सावली पाडली तरी पुष्कळ फरक पडतो. मोठ्या कॅमेऱ्याचा पावसाळ्यातला शत्रू म्हणजे बुरशी. ओला कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद करून माळ्यावर टाकला की दोन महिन्यांत भिंगावर जाळे धरते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागते. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्ला काही जण देतात. तांदळाची भुकटी बटणांत जाऊन बसते, आणि तांदूळही वाया.

आता चित्रात घ्यायचे काय? नुसता सूर्य घेतला तर तो रत्नागिरीचा आणि रामेश्वरचा सारखाच. तुमच्या शिवाराचे चित्र तुमच्या शिवारामुळे ओळखू आले पाहिजे. बांधावरचे बाभळीचे झाड, विहिरीवरचा जुना मोटेचा दगडी थारोळा, कौलांची उतरण, परत येणारी जनावरे. आकाश राखल्यामुळे ही सगळी काळी दिसणार आहेत, म्हणून ज्यांची बाह्यरेषा स्पष्ट आहे अशाच गोष्टी निवडाव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पाणी मिळाले तर सोन्याहून पिवळे. लावणीच्या आधीची भाताची खाचरे, भरलेला पाझर तलाव, भिगवणजवळचे उजनीचे पाणी, इतकेच काय, एस. टी. स्टँडवरचे डबकेसुद्धा आकाशाचा उजेड खाली आणते आणि जमिनीचा काळोख कमी करते. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेऊ तितके प्रतिबिंब मोठे. आकाश छान असेल तर क्षितिज खाली घ्यावे, पाणी छान असेल तर वर. बरोबर मध्ये घेतले तर डोळ्याला कोठे जावे ते कळत नाही. आणि क्षितिज सरळ धरावे बरं का! समुद्र एका बाजूला सांडतो आहे असे फोटो मी फार पाहतो.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस एक गोष्ट हमखास घडते. समुद्राच्या कडेला ढगांची एक बुटकी भिंत असते. सूर्य वेळेच्या दहा मिनिटे आधीच तिच्यामागे जातो, लोक ‘संपलं’ म्हणून वाळू झटकून उठतात. त्यांनी बसायला हवे. भिंतीच्या खाली किंवा पलीकडे फट असली तर सूर्यास्तानंतर पाच-दहा मिनिटांनी डोक्यावरचे उंच ढग एकदम गुलाबी होतात. सूर्यच दिसत नसल्याने आकाश-जमीन यांतला फरकही कमी झालेला असतो, म्हणजे कॅमेऱ्यालाही हा काळ सोपा. उजेड उतरत चालल्यामुळे हात हलला तरी चित्र पुसट होते, तेव्हा फोन दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर टेकवून दोन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्यावा.

अशा वेळी पाठीमागेही वळून पाहावे. सूर्य पश्चिमेला मोकळा आणि पूर्वेला सर पडत असेल तर इंद्रधनुष्य दिसते. त्याची कमान सूर्याच्या नेमकी समोर, ४२ अंश त्रिज्येची असते. सूर्य जितका खाली तितकी ती उंच, आणि सूर्य क्षितिजावर असताना पूर्ण अर्धवर्तुळ. निळा रंग आधीच गळालेला असल्याने अशा वेळचे धनुष्य कधी कधी नुसते तांबडे असते. मोकळ्या माळावर, हवा स्वच्छ असेल, तर सूर्य बुडाल्यावर पूर्वेच्या क्षितिजावर निळसर-राखी पट्टा वर चढताना दिसतो, त्याच्या वर गुलाबी कड. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. ग्रहणाच्या धड्यात पृथ्वीची सावली आपण फळ्यावर काढतो. येथे ती गावच्या माळावर उभे राहून दाखवता येते, आणि खर्च शून्य.

जाता जाता इंद्रवज्राविषयी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढगात आपली सावली आणि तिच्याभोवती रंगीत वलय दिसते, हे ऐकून काही जण संध्याकाळी तेथे जातात. ते वलय नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला उमटते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सूर्य पाठीशी असायला सकाळ हवी. संध्याकाळी त्याच कड्यावर सूर्यास्त पाहावा, तो उत्तमच असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे भाषण करायचे ठरवले, ती सांगतो. वर ज्या काळाची मी स्तुती केली, तो वळिवाचा आणि परतीच्या पावसाचा काळ, तोच महाराष्ट्रात विजा पडण्याचा काळ आहे. आषाढातल्या संततधारेत विजा कमी असतात. उन्हाने तापून, दुपारनंतर कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढत जाणाऱ्या आणि माथ्याशी ऐरणीसारखे पसरणाऱ्या ढगांत त्या जास्त असतात. हाच क्युम्युलोनिंबस संध्याकाळच्या उन्हात सर्वांत देखणा दिसतो. आपल्या देशात विजेने दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात, आणि त्यांत शेतात, झाडाखाली, गुरांमागे असलेली माणसे फार. म्हणजे आपलीच.

तेव्हा हिशेब असा ठेवा. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या माळावर पडू शकते. फोटो तेथेच थांबवायचा. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. अर्ध्या तासाने सूर्यास्त राहत नाही हे मला ठाऊक आहे. तो उद्याही असतो. एकट्या झाडाखाली, पाण्याच्या टाकीजवळ, तारेच्या कुंपणाला टेकून, टेकडीच्या माथ्यावर तिपाईशेजारी थांबू नये. कोठेच आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि बरोबरच्या मंडळींनी एकमेकांपासून दूर बसावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. फोटोसाठी नसला तरी शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे.

कड्यांचेही तसेच. घाटमाथ्यावरचा जांभा आणि काळा कातळ पावसाळ्यात शेवाळलेला असतो. पडद्यात पाहत पाहत मागे सरकणारा माणूस पाय कोठे पडतो ते पाहत नाही. परतीची वाट उजेडात एकदा पाहून ठेवावी, बॅटरी वेगळी न्यावी आणि फोनचीच बॅटरी उजेडासाठी लागणार आहे हे विसरू नये. धुके खाली आले तर ओळखीची वाटही अनोळखी होते. आणखी एक. लांब पल्ल्याचे भिंग लावून दुर्बिणीसारख्या छिद्रातून सूर्याकडे थेट पाहू नये, तांबडा मऊ दिसला तरी. मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. पडद्यावर पाहावे.

शाळेसाठी एक उद्योग सुचवतो. शाळेच्या आवारात एक दगड ठरवावा आणि त्यावर चुन्याने खूण करावी. दर शनिवारी त्या खुणेवरून, त्याच उंचीवरून, पश्चिमेकडचा एकच फोटो मुलांपैकी कोणीतरी काढायचा, ढग असो वा नसो. शेजारी वहीत तारीख, सूर्य बुडाल्याची वेळ, ढग उंच की खालचे, वारा कोठून आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की नाही, एवढे लिहायचे. वर्षाअखेर ते पन्नास फोटो भिंतीवर ओळीने लावले की सूर्य डोंगराच्या रेषेवरून कसा उत्तरेला आणि दक्षिणेला सरकतो ते पोरांना कोणी शिकवावे लागणार नाही. गावच्या आभाळाची म्हणून एक नोंद राहील, आणि खालची जमीनही त्यात येईल. नवी वाट, तोडलेले झाड, आटलेले तळे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आकाराने लहान आणि तपशिलाने भरड होतो, म्हणून मूळ प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी, तारखेच्या नावाने. सुरुवात जूनमध्ये शाळा उघडताच केली तर उत्तम. सूर्य तेव्हा उत्तरेच्या टोकाशी असतो, आणि पहिले दोन-तीन शनिवार फोटोत नुसतेच करडे आभाळ आले तरी मुलांना तोही फोटो काढायला लावावा.